एका नांगराला दोन होड्या

“हलू नकोस,” हे म्हणाले.

“पायाला मुंग्या आल्यात.”

“येऊ देत.”

मी आमच्या कॅटामरानच्या, बगळीच्या, डाव्या पायावर पालथी पडले होते, हनुवटी लाकडावर टेकून. कॅटामरान म्हणजे शेजारी शेजारी बांधलेल्या दोन अरुंद होड्या, मधे ताणलेली जाळी आणि वर एक डोलकाठी. त्या दोन होड्यांना माझे सासरे, अण्णा, पाय म्हणत, म्हणून घरात सगळेच पाय म्हणत. वारा पडला की एकाने पुढे जाऊन असं पालथं पडायचं आणि निपचित राहायचं. शिडात जी काय चिमूटभर हवा साठलेली असते, ती तुम्ही कूस बदललीत तरी सांडते.

एप्रिल महिना होता, सकाळचे दहा वाजून गेलेले. शर्यतीतला रात्रीचा मुक्काम अलिबागला होता. पहाटे तिथून निघालो तेव्हा जमिनीवरून गार वारा येत होता. त्याने आम्हांला कोर्लईच्या टोकाच्या थोडं पुढे आणून सोडलं आणि तो पडला. बाकीच्या होड्या वारा शोधत खोल समुद्रात गेल्या होत्या. त्यांची शिडं लांबवर नखाएवढी दिसत होती. किनाऱ्याजवळ आम्ही दोनच उरलो होतो. आम्ही, आणि हाताने दगड मारला तर लागेल एवढ्या अंतरावर टिटवी.

टिटवी आमच्या बगळीची जुळी. अण्णांनी मुरुडच्या घराच्या मागे एकाच आराखड्यावरून, दोन मुलांना हाताशी घेऊन, दोन्ही बांधल्या. बगळी ह्यांना दिली, टिटवी थोरल्या भाऊजींना. टिटवीवर आत्ता दिगंबर भाऊजी सुकाणू धरून बसले होते आणि पुढे वत्सलावहिनी माझ्यासारख्याच पालथ्या पडल्या होत्या.

वारा नसला की पाण्यावरून आवाज फार लांब जातो. त्या दिवशी तर टिटवीवर कुणी नाक ओढलं तरी आम्हांला ऐकू येत होतं.

“वत्सला,” भाऊजी म्हणाले, “तिकडे कुणीतरी हललं बघ. शीड लटपटलं.”

ते आमच्याशी बोलत नव्हते. दोघे भाऊ दीड वर्ष एकमेकांशी बोलत नव्हते. पण न बोलता राहणंही त्यांना जमत नव्हतं.

“प्रमिला,” हे मला म्हणाले, तोंड मात्र टिटवीकडे, “काही लोकांना स्वतःच्या शिडापेक्षा दुसऱ्याचं शीड जास्त दिसतं.”

“वत्सला, पाणी दे जरा. इकडे घसा कोरडा पडलाय, आणि काही लोक तोंडाने वारा घालून होडी चालवतायत.”

वत्सलावहिनींनी मागे न बघता बाटली सरकवली. आमच्या दोघींचं भांडण कधी झालंच नव्हतं. नवऱ्यांचं झालं म्हणून आमचंही झालंय असं आम्ही धरून चालत होतो.

भांडण सासूबाईंवरून होतं. अण्णा मुरुडला बंदर खात्यात होते आणि घर खात्याचं होतं. अण्णा गेल्यावर खात्याने सासूबाईंना काही महिने राहू दिलं, पुढे मुदत वाढवून दिली. ती या एप्रिलअखेर संपत होती. आई नको म्हणून भांडणारे भाऊ मी पुढे पुष्कळ पाहिले. हे दोघे आई हवी म्हणून भांडले. तेराव्यालाच सुरुवात झाली. भाऊजींचं म्हणणं, थोरला मी, माहीमला डॉक्टर जिन्याखाली आहे. ह्यांचं म्हणणं, तिसऱ्या मजल्यावर तिला कोंडून घालणार का, आमच्याकडे पनवेलला अंगण आहे. मग अण्णांच्या आजारपणात कोण किती वेळा आलं ते निघालं, आणि ते निघाल्यावर मागे वळायला जागा राहिली नाही.

शेवटी एका रविवारी दोघे एकाच वेळी मुरुडला पोचले आणि ओटीवर बायकांच्या तोंडून भांडायला लागले. तेव्हा सासूबाई आतून बाहेर आल्या.

“तुमची ती शर्यत आहे ना चैत्रात, मुंबई ते मुरुड?” त्या म्हणाल्या. “जो या वाळूला आधी लागेल त्याच्याबरोबर मी जाईन. तोपर्यंत माझ्यासमोर हा विषय काढायचा नाही.”

त्या वैतागून बोलल्या होत्या. दोघांनी ते शब्द उचलले आणि घरी नेले.

मलाही त्या हव्या होत्या, हे सांगितलं पाहिजे. माझी आई मी सहा वर्षांची असताना गेली. काकूच्या घरात मी वाढले, तिथे कुणी वाईट वागवलं नाही, पण ताप आला तर कपाळावर हात ठेवायला कुणी उठत नसे. लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात मी मुरुडला तापाने पडले. चार रात्री सासूबाई माझ्या उशाशी बसून होत्या. त्यानंतर मी त्यांना ‘आई’ म्हणायला लागले ते नुसतं रीत म्हणून नव्हे. शर्यतीतल्या कपाशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला त्यांना पनवेलला घेऊन जायचं होतं.

“प्रमिला,” हे आता अगदी हळू म्हणाले, ओठ न हलवता. “तो बोया बघ.”

उजवीकडे कुणा कोळ्याच्या जाळ्याचा बोया तरंगत होता. तो तिरका झाला होता आणि त्याच्याभोवती पाण्याची बारीक वेणी पडत होती. मघाशी तो आमच्या मागे होता. आता बरोबरीला आला होता.

भरती सुरू झाली होती. कुंडलिकेच्या खाडीकडे पाणी ओढलं जात होतं, आणि त्याबरोबर आम्ही दोघेही, शिडं ताठ उभी ठेवून, उलटे कोर्लईकडे चाललो होतो. दोन्ही होड्या एकाच वेगाने मागे जात असल्यामुळे टिटवीकडे पाहिलं तर सगळं जागच्या जागी दिसायचं.

ह्यांनी डोळ्यांनी जाळीवरच्या नांगराकडे खूण केली. मग बोट ओठांवर ठेवलं.

मला कळलं. शर्यतीत वल्हं मारायला बंदी होती. वल्हं पाण्याला लागलं की होडी बाद. नांगर टाकायला बंदी नव्हती. आम्ही थांबायचं आणि टिटवीला मागे जाऊ द्यायचं. पण भाऊजींना कळता कामा नये, नाहीतर तेही टाकतील.

मी कोपरांवर सरकत जाळीपर्यंत आले. नांगर छातीशी धरला आणि टिटवीला दिसणार नाही अशा बाजूने पाण्यात सोडला. लोखंड लाकडाला लागू नये म्हणून मधे माझा दंड ठेवला होता. त्याचं खरचटलेलं मला संध्याकाळी दिसलं. दोर मुठीतून वीत वीत सोडत गेले. दोर सैल पडला, मग ताठ झाला. बगळीने मान हलवल्यासारखं केलं आणि ती थांबली. तिच्या पायांजवळ पाणी खळखळायला लागलं, जणू ती चांगल्या वाऱ्यात चालली आहे.

टिटवी मागे सरकली. आधी एका होडीच्या लांबीएवढी, मग दोन होड्यांच्या.

“अरे,” भाऊजींचा आवाज आला. “यांना वारा कुठून मिळाला?”

“मला तर काही लागत नाही,” वत्सलावहिनी म्हणाल्या.

“त्यांच्या पायांशी पाणी बघ कसं वाजतंय. किनाऱ्याच्या बाजूला पट्टा असणार. तू अजून पुढे सरक. आणि हलू नकोस.”

हे खाली मान घालून हसत होते. त्यांचे खांदे हलत होते. मलाही हसू येत होतं. भाऊजी शीड आत ओढत होते, सोडत होते, मधेच तोंड वर करून गालावर वारा शोधत होते. त्यांचे डोळे सगळा वेळ आमच्या शिडावर होते.

मी त्यांच्या मागे पाहिलं, आणि माझं हसू गेलं.

कोर्लईचा किल्ला ज्या डोंगरावर आहे, त्याच्या पायथ्याला काळे खडक समुद्रात शिरलेले आहेत. वारा नसला तरी खोल समुद्रातून एक लांब, सुस्त लाट येत होती. आमच्या खालून ती जायची तेव्हा जाणवतही नव्हती. पण खडकांवर पोचली की ती उभी राहायची आणि पांढरी होऊन फुटायची. टिटवी पाठमोरी तिकडे चालली होती. भाऊजी आमच्याकडे बघत होते, वहिनी लाकडावर गाल टेकून आमच्याकडे बघत होत्या. मागे बघायला कुणीच नव्हतं.

“अहो,” मी म्हणाले, “ते खडकांवर जातायत.”

“बघतील. डोळे आहेत त्यांना.”

“ते आपल्याकडे बघतायत.”

“प्लायवुडची होडी आहे, दादाला माहीत आहे. वेळेवर नांगर टाकेल.” पण आता ते हसत नव्हते. “जरा थांब. अजून थोडे मागे जाऊ देत.”

एक लाट गेली. खडकांवर फुटल्याचा आवाज जरा उशिराने आला. दुसरी गेली. वहिनींच्या साडीचा निळा पदर त्यांनी कमरेला घट्ट बांधला होता, तो मला अजून दिसत होता. त्यांना पोहता येत नव्हतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. हाक मारली की भाऊजी नांगर टाकणार, आमचं गुपित फुटणार, आणि आम्ही मिळवलेलं अंतर तेवढंच राहणार. वारा आल्यावर टिटवी नेहमीच बगळीपेक्षा जलद धावायची. तेही मला माहीत होतं.

ह्यांनी माझं मनगट धरलं. “गप,” ते म्हणाले.

“वहिनी,” मी ओरडले. “मागे बघा. नांगर टाका.”

वत्सलावहिनी उठून बसल्या आणि वळल्या. भाऊजीही वळले.

“नांगर टाका,” मी पुन्हा ओरडले.

“नांगर नाही,” वत्सलावहिनी म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, तरी मला स्वच्छ ऐकू आलं. “वजन नको म्हणून काल अलिबागलाच उतरवला.”

ह्यांनी माझं मनगट सोडलं. ते उभे राहिले. बगळी डगमगली, पण आता त्याचं कुणाला काही नव्हतं.

“दादा,” ते ओरडले. दीड वर्षात पहिल्यांदा. “वल्हं मार.”

भाऊजींनी वल्ह्याकडे पाहिलं. ते जाळीवर बांधलेलं होतं. त्यांचा हात त्याच्यापर्यंत गेला आणि थांबला.

“वल्हं मारलं की मी बाद,” ते म्हणाले.

“खडकावर जाशील.”

“तू नांगर टाकून बसलायस. मला फसवलंस.”

“दादा, आधी वल्हं उचल. मग शिव्या दे.”

“तू नांगर उचल, मी वल्हं उचलतो.”

त्या वेळी ते पंचेचाळीस वर्षांचे होते. मोठ्या कंपनीत अधिकारी, दोन मुलांचे बाप. मागे लाट फुटत होती आणि ते पाण्यात मधोमध बसून धाकट्या भावाशी सौदा करत होते. ह्यांना तरी काय म्हणायचं. ते नांगराच्या दोराकडे बघायला लागले. खरंच उचलावा की काय, असा विचार त्यांच्या मनात आला, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

वत्सलावहिनींनी वल्ह्याची गाठ सोडली. होडीच्या कडेला गुडघे टेकले आणि वल्हं पाण्यात घातलं.

“वत्सला,” भाऊजी म्हणाले.

“तुमची मुलं माझी वाट बघतायत,” त्या म्हणाल्या आणि मारत राहिल्या. “सुकाणू नीट धरा.”

टिटवी मागे जायची थांबली नाही, पण सावकाश झाली. एकट्या बाईच्या वल्ह्याने त्या पाण्याविरुद्ध पुढे येणं शक्य नव्हतं, जेमतेम जागा राखता येत होती. “डबा,” हे मला म्हणाले. पाण्याचा प्लास्टिकचा डबा आम्ही रिकामा केला, बूच घट्ट लावलं. शिडाचे जास्तीचे दोर, काय असतील ते एकाला एक बांधले. ह्यांनी माझी एक गाठ सोडून पुन्हा मारली. मग डबा पाण्यात सोडला.

पाण्याच्या ओढीने डबा टिटवीकडे निघाला. आम्ही दोर सोडत राहिलो. डबा इतका हळू चालला होता की मला पाण्यात उडी मारून तो ढकलावासा वाटला. वहिनी मान खाली घालून वल्हं मारत होत्या. त्यांचा वेग कमी होत चालला होता. खडकांच्या अलीकडचं पाणी आता हिरवं, गढूळ दिसत होतं आणि तिथे फेस येऊन फिरत होता.

“डावीकडे,” हे ओरडले. “दादा, डबा डावीकडे गेलाय. हात लांब कर.”

भाऊजी जाळीवर आडवे झाले. पहिल्यांदा डबा त्यांच्या बोटांना लागून निसटला. दुसऱ्यांदा त्यांनी दोर धरला, दातांत धरला, आणि मग डोलकाठीला वेढा घातला.

दोर ताठ झाला तेव्हा बगळीला एवढा हिसका बसला की मी गुडघ्यांवर पडले. दोन होड्यांचं वजन एका नांगरावर आलं होतं. नांगर खालच्या वाळूत सरकतोय, हे दोरातून हाताला कळत होतं. तो घसरला, थांबला, पुन्हा घसरला. हे दोरावर हात ठेवून बसले होते, डॉक्टर नाडी बघतो तसे. मग बराच वेळ काही झालं नाही.

“धरलाय,” ते म्हणाले.

भाऊजींनी आणि ह्यांनी मिळून दोर ओढून टिटवी बगळीच्या शेजारी आणली. वत्सलावहिनींनी हात उघडून पाहिले. तळव्यांवर फोड येऊन फुटले होते. मी माझ्या रुमालाचे दोन तुकडे करून त्यांना बांधले. त्यांनी पिशवीतून दशम्या आणि लसणीची चटणी काढली आणि चौघांसमोर ठेवली.

“चटणी तिखट आहे,” त्या म्हणाल्या. “मनोहरभाऊजींना चालते.”

“आईच्या हातची वाटते,” हे म्हणाले.

“तिनेच शिकवली,” भाऊजी म्हणाले. ते ह्यांच्याशी बोलले होते, वहिनींच्या तोंडून नव्हे. पण त्यांच्या ते लक्षात आलेलं दिसलं नाही.

आम्ही दुपारपर्यंत तिथे टांगून होतो. डोक्यावर शिडांची सावली धरून, एकमेकांकडे न बघता. बोया सरळ उभा राहिला तेव्हा वायव्येकडून वारा आला, आधी पाण्यावर काळसर सुरकुत्या, मग गालावर. भाऊजींनी आमचा दोर सोडून नीट गुंडाळून आमच्या जाळीवर ठेवला.

“निघा तुम्ही,” ते म्हणाले.

टिटवी वेगवानच होती. नांदगावपर्यंत ती मागे राहिली, राहायचा प्रयत्न करत राहिली, पण त्या वाऱ्यात तिला धरून ठेवणं कठीण होतं. मुरुडच्या वाळूला ती आमच्या आधी लागली.

सासूबाई पाण्याच्या कडेला उभ्या होत्या. आम्ही उतरून पोचलो तोवर त्या भाऊजींना म्हणत होत्या, “दिगू, म्हणजे तू आलास आधी.”

“नाही, आई. मी बाद आहे. वल्हं मारलं.”

“त्यांनी नाही, मी मारलं,” वत्सलावहिनी म्हणाल्या. आणि मग काय काय झालं ते त्यांनीच सांगितलं, थोडक्यात, कुणाला नावं न ठेवता. शर्यतवाल्यांपैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. भाऊजी तरीही सांगायला त्यांच्या टेबलाकडे निघाले.

“म्हणजे मन्या जिंकला,” सासूबाई म्हणाल्या.

“हो,” भाऊजी म्हणाले आणि गेले.

सासूबाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं. “काय रे?”

“दादा म्हणतोय तसं,” हे म्हणाले. ते वाळूत पायाने काहीतरी उकरत होते.

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. त्या घरात गेल्या तशी मीही मागोमाग गेले. त्यांनी पलंगाखालून ट्रंक ओढली होती.

“प्रमिला, वत्सलेला हाक मार,” त्या म्हणाल्या. “ही ट्रंक माहीमला जाईल.”

मला आधी वाटलं, त्या चुकून बोलल्या. “आई, आम्ही जिंकलो,” मी म्हणाले.

“ऐकलं मी.”

“तुम्ही शब्द दिला होता.”

“दिला होता. मोडते.” त्या साडीची घडी घालत होत्या. “सकाळपासून वाळूवर उभी होते. वाऱ्याचं नाव नाही, एक शीड दिसेना. तेव्हा मला कळलं मी काय बोलून बसले ते. जिंकलेल्याच्या घरी गेले तर मी बक्षीस होईन गं. बक्षीस कपाटात ठेवतात आणि आल्यागेल्याला दाखवतात. आज ना उद्या मन्या म्हणणार, हिला मी दादाकडून जिंकून आणली. दिगूकडे काही म्हणायला जागाच नाही. तो हरलाय. तिथे मी नुसती आई.”

“आणि मी?” मी विचारलं. असं सरळ मी त्यांना कधी काही विचारलं नव्हतं.

त्या थांबल्या. घडी तशीच मांडीवर ठेवली.

“हाक तूच मारलीस, वत्सलेने सांगितलं,” त्या म्हणाल्या. “तुझ्याकडे यायचं माझ्या फार मनात होतं. आजही आहे. पण मला न्यायला कुणी यायचं नाही. मन्याने तर नाहीच.”

दुसऱ्या दिवशी त्या माहीमला गेल्या. मी पनवेलला आले. हे कित्येक दिवस त्यावर बोलले नाहीत. गणपतीत ते एकटेच माहीमला गेले, जेवून परत आले आणि दादा बरा आहे एवढं म्हणाले. दसरा गेला, दिवाळी गेली. मी वाट बघायचं सोडून दिलं होतं, असं निदान स्वतःला सांगत होते.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी फाटक वाजलं. हे त्या दिवशी घरी होते, दार त्यांनीच उघडलं. बाहेर सासूबाई उभ्या होत्या, एकट्या, हातात कापडी पिशवी, चेहरा धुळीने भरलेला.

“आई, तू?” हे म्हणाले. “एकटी कशी आलीस? निरोप तरी पाठवायचा, मी आलो असतो.”

“एस्टीने आले,” सासूबाई म्हणाल्या. “तुमच्या वाऱ्याची वाट कोण बघत बसणार. सरक, आत येऊ दे.”

हे बाजूला झाले.